खनिजे दाराशी, अभ्यास मात्र दूर

रोहा : सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून घडलेला काळा पाषाण आणि त्याच्या झिजेतून तयार झालेले जांभा व बॉक्साइट, असा वारसा रायगड जिल्ह्याला लाभला आहे. याच पाषाणाच्या पोकळ्यांत स्टिलबाइटसारखे स्फटिक वाढतात. पुण्याजवळील वाघोलीच्या निळ्या कॅव्हन्साइटने तर जगभर नाव मिळवले. मात्र कठिनता, पाटन, विशिष्ट गुरुत्व यांवरून खनिज ओळखण्याचे पदवीस्तरीय शिक्षण मुंबईतील सेंट झेवियर्स, पुण्यातील फर्ग्युसन अशा मोजक्याच महाविद्यालयांत मिळते. रोह्याच्या विद्यार्थ्याला त्यासाठी बहुधा घर सोडावे लागते. खडी फोडताना स्फटिकही चुरडले जातात आणि फुटलेला नमुना पुन्हा मिळत नाही. दगड ओळखणारा स्थानिक तरुण खाणीवर नसेल, तर हे नुकसान कोणाच्या ध्यानातही येणार नाही.