शिरोवस्त्र कीं आरोपपत्र?

मनुष्याच्या वेषावरून त्याच्या शीलाचा निवाडा करणें हा सर्व देशांत चालत आलेला अन्याय होय. त्याचा एक जुना दाखला आज वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटतें.

स्पेन व फ्रान्स यांच्या सीमेवर, पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाशीं, बास्क लोक राहतात. सोळाव्या शतकांत त्यांच्या विवाहित स्त्रिया कापड गुंडाळून केलेलें, शिंगासारखें उंच शिरोवस्त्र घालीत. अविवाहित मुली डोकें भादरून कडेच्या बटा तेवढ्या राखीत. हा वेष छापखान्यांच्या फार पसंतीस उतरला. न्युरेंबर्ग येथें १५७७ सालीं हान्स वायगेल यानें व व्हेनिस येथें १५९० सालीं चेझारे व्हेचेल्लिओ यानें नाना देशांच्या वेषांचे सचित्र ग्रंथ काढले; त्यांत बास्क स्त्रियाही आहेत. परंतु अशा ग्रंथांतील पुष्कळ चित्रें एकानें दुसऱ्याच्या चित्रावरून उतरलेलीं असत. कायद्याच्या भाषेंत बोलावयाचें तर हा ऐकीव पुरावा होय.

कौतुकाची नजर पुढें किती क्रूर होऊं शकते तें पाहा. १६०९ सालीं फ्रान्सच्या राजानें पिएर द लांक्र या न्यायाधीशास लाबूर या बास्क प्रांतांत चेटकिणींच्या चौकशीस धाडलें. त्यास बास्क भाषा येत नव्हती; जबान्या दुभाष्यामार्फत चालल्या. गांवचे पुष्कळ पुरुष न्यूफाउंडलंडकडे मासेमारीस गेलेले आणि घरदार बायका संभाळीत. याच बायकांचें शिरोवस्त्र अश्लील आहे, असें त्यानें १६१२ च्या आपल्या ग्रंथांत लिहून ठेविलें, आणि त्याच्या चौकशींत अनेकांस जिवंत जाळण्यांत आलें! ज्याला आरोपीची भाषा कळत नाहीं, त्यानें तिच्या पागोट्यावरून तिचें मन वाचावें, याला न्याय म्हणावें काय?

मग तीं चित्रें फाडून टाकावीं काय? मुळींच नाहीं. तें शिरोवस्त्र केव्हांच नाहींसें झालें; त्याचा आकार आज आपणांस कळतो तो मुख्यतः अशा चित्रांमुळेंच. साक्षीदारानें कापडाविषयीं सांगितलें तें ताडून घ्यावें; परंतु तें कापड नेसणारीच्या शीलाविषयीं तो बोलूं लागला कीं त्यास तेथेंच थांबवावें. आज चित्र क्षणांत देशोदेशीं पोंचतें. म्हणून ही सावधगिरी पूर्वींपेक्षां अधिकच हवी. परक्याचा वेष पाहून हंसण्यापूर्वीं त्याची भाषा दोन शब्द तरी ऐकावी, एवढेंच आमचें मागणें आहे.