तुमचा गेमिंग कॉम्प्युटर तुम्हीच जुळवा!

मित्रांनो, वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर संपला, की घरोघरी एक मागणी पुढे येते. "बाबा, गेम खेळता येतील असा कॉम्प्युटर घ्या ना!" बाबा दुकानात किंमत विचारतात आणि गप्प होतात. मग शेजारचा एखादा दादा सांगतो, "काका, तयार घेऊ नका. सुटे भाग आणून असेंबल करा. स्वस्त पडतो आणि हवा तसा होतो."

दादाचं म्हणणं खरं आहे, पण अर्धंच. भाग जोडायला एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक दुपार पुरते. खरी परीक्षा असते ती भाग निवडण्याची. ती निवड चुकली, तर पगारातून किंवा सोयाबीनच्या पट्टीतून बाजूला काढलेले पैसे डब्यात अडकून पडतात आणि गेम मात्र अडखळतच चालतो. म्हणून आज आपण भाग कसे निवडायचे ते पाहू या, आणि तेही आपल्या परभणी जिल्ह्यातल्या घरासाठी. थंड हवेच्या गावातला कॉम्प्युटर आणि जिंतूर-मानवतचा कॉम्प्युटर एकसारखा असून चालत नाही. का, ते पुढे कळेलच. आई-बाबांनीही सोबत बसून वाचावं. पैसे त्यांचे आहेत आणि हौस तुमची!

आधी एक खरी गोष्ट

सुटे भाग जुळवून मोठं काम करता येतं, याचं नामी उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही सरकारी संस्था स्थापन झाली. तिचे प्रमुख होते डॉ. विजय भटकर. त्यांचा जन्म अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचा. त्या काळी सर्वांत ताकदवान महासंगणक भारताला द्यायला अमेरिका तयार नव्हती. मग आपल्या शास्त्रज्ञांनी काय केलं? एकच अचाट चिप शोधत ते बसले नाहीत. ब्रिटनमध्ये 'ट्रान्सप्यूटर' नावाची एक छोटी चिप बनत असे. ती एकटी काही महासंगणक नव्हे. पण तिच्यासारख्या अनेक चिप एकमेकींना जोडून, काम वाटून देता येत होतं. तसंच केलं आणि १९९१ साली 'परम ८०००' हा भारताचा पहिला महासंगणक तयार झाला.

या गोष्टीतून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली: एका भागाच्या ताकदीपेक्षा सगळ्या भागांची जुळणी महत्त्वाची. दुसरी: काम वाटून घेतलं, की छोटी छोटी माणसंही डोंगर उचलतात. ही दुसरी युक्ती तुमच्या गेमिंग कॉम्प्युटरमध्येही वापरलेली असते. कुठे? ग्राफिक्स कार्डात!

पडद्यावर काय घडतं?

साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. गुणाकार करा. २० लाख ७३ हजार ६०० ठिपके झाले. गेम गुळगुळीत दिसायचा, तर हे सगळं चित्र सेकंदाला ६० वेळा नव्यानं काढावं लागतं. म्हणजे दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून जास्त ठिपक्यांचे रंग ठरवायचे!

हे काम प्रोसेसरला एकट्याला झेपत नाही. प्रोसेसर म्हणजे जणू सहा हुशार गणितज्ञ. कितीही अवघड कोडं द्या, सोडवतील. पण तीन हजार सोप्या बेरजा द्यायच्या असतील, तर तीन हजार शाळकरी मुलं मैदानात बसवलेली बरी. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ती मुलं. उदाहरणच घ्या. २०२२ साली आलेल्या 'रायझन ५ ५६००' या प्रोसेसरमध्ये ६ कोअर आहेत, तर २०२३ साली आलेल्या 'आरटीएक्स ४०६०' या कार्डात ३,०७२ छोटे कोअर आहेत. गेममधलं शत्रूचं डोकं प्रोसेसर चालवतो आणि त्याचं चित्र कार्ड रंगवतं.

बैलजोडी सारखी हवी

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. औताला एक बैल दमदार लाल कंधारी आणि दुसरा मरतुकडा जुंपला, तर काय होतं? औत दुबळ्या बैलाच्या चालीनंच चालतं. कॉम्प्युटरचंही अगदी तसंच. सगळे पैसे महागड्या प्रोसेसरवर घालून कार्ड हलकं घेतलं, तर प्रोसेसर हात बांधून बसतो. उलट केलं, तर कार्ड बसून राहतं.

म्हणून दुकानात जाण्याआधी कागदावर दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. कोणते गेम खेळायचे? आणि पडदा कोणता आहे? प्रत्येक गेमची कंपनी त्याला लागणारे भाग जाहीर करते, ते बघा. पडदा फुल एचडी असेल, तर 'फोर के' पडद्यासाठी बनवलेलं कार्ड घेऊ नका. 'फोर के' म्हणजे चौपट ठिपके, आणि किंमतही त्याच चालीची!

पैसे कमी असतील, तर एक चांगली वाट आहे. काही प्रोसेसरच्या पोटातच छोटं ग्राफिक्स असतं. 'रायझन ५ ५६००जी' हा त्यातलाच. माइनक्राफ्टसारखे हलके गेम त्यावर मजेत चालतात आणि अभ्यासही होतो. कार्ड पुढच्या वर्षी बसवा. पण इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' अक्षर असलं, तर सावध! त्याच्या पोटात ग्राफिक्स नसतं. कार्डाशिवाय पडदा काळाच राहील.

इथे 'बनी तो बनी' चालत नाही

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हे आपल्याकडे सगळेच ऐकत आलेत. पण मदरबोर्ड निवडताना ही म्हण विसरा! प्रोसेसर ज्या चौकटीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. 'रायझन ५ ५६००' ला 'एएम४' सॉकेट लागतं, तर २०२२ पासूनच्या नव्या रायझनना 'एएम५'. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. रॅमचंही तसंच. 'डीडीआर४' ची खाच एका जागी, 'डीडीआर५' ची दुसऱ्या जागी. जोर लावून बसवायला गेलात, तर बोर्ड मोडेल.

रॅम म्हणजे अभ्यासाचं टेबल आणि एसएसडी म्हणजे पुस्तकांचं कपाट. टेबल मोठं असलं, की सारखं उठून कपाटाकडे जावं लागत नाही. आजच्या गेमसाठी १६ जीबी रॅम धरा, आणि शक्यतो ८-८ च्या दोन पट्ट्या घ्या. दोन पट्ट्या असल्या, की माहितीला जायला दोन रस्ते मिळतात. पोटातल्या ग्राफिक्सवर गेम खेळणार असाल, तर हा फरक डोळ्यांना दिसतो. कपाटासाठी जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर गेम ठेवू नका. ती सेकंदाला साधारण दीडशे एमबी वाचते, साधी एसएसडी साडेपाचशेच्या आसपास.

मे महिन्यातलं गणित

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. मे महिन्यात परभणीचा पारा ४२-४३ अंशांच्या घरात जातो. पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. आता हे गणित करा. समजा, तुमच्या प्रोसेसरवरचा पंखा त्याला खोलीतल्या हवेपेक्षा ४५ अंश जास्त इतक्यावर रोखून धरतो. खोली २५ अंशांची असेल, तर प्रोसेसर ७० अंशांवर राहील. खोली ४२ अंशांची असेल, तर तोच प्रोसेसर ८७ अंशांवर! 'रायझन ५ ५६००' ची कमाल मर्यादा आहे ९० अंश. मर्यादा जवळ आली, की चिप स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. गेम अडखळतो आणि आपण म्हणतो, "कॉम्प्युटर खराब निघाला." खराब काही नसतं, आपण उन्हाळा धरलेला नसतो!

म्हणून आपल्याकडे भाग निवडताना वेगाबरोबर वॅटही बघा. २०२१ सालचं 'आरटीएक्स ३०६०' कार्ड १७० वॅट वीज घेतं. 'आरटीएक्स ४०६०' घेतं ११५ वॅट. जेवढे वॅट कमी, तेवढी उष्णता कमी. पहिल्या कार्डात १२ जीबी मेमरी आहे आणि दुसऱ्यात ८, हेही मनात ठेवा. पण पत्र्याच्या खोलीसाठी निवडताना ५५ वॅटचा फरक लहान नाही.

ज्या डब्याला आपण सगळे 'सीपीयू' म्हणतो, त्याचं खरं नाव कॅबिनेट. तो घेताना रंगीत दिवे आणि काचा मोजू नका. समोर जाळी आहे का, पुढून हवा आत घेणारे आणि मागून बाहेर टाकणारे पंखे आहेत का, ते बघा. जाळीवर धूळगाळणी हवीच. आपली काळ्या मातीची धूळ आणि कापसाच्या दिवसांतली रुई, दोन्ही पंख्यात अडकतात. महिन्यातून एकदा गाळणी झटका. आणि हो, घरातल्या कूलरची थेट ओली हवा डब्यावर येऊ देऊ नका. माणसाला गारवा देणारा तो दमटपणा बोर्डाला मानवत नाही.

न दिसणारा भाग: एसएमपीएस

पैसे कमी पडले, की सगळे आधी एकाच भागावर कात्री चालवतात: एसएमपीएस. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन ती सगळ्या भागांना हवी तशी वाटून देणारा हा डबा. तो गेममध्ये दिसत नाही, म्हणून स्वस्तातला घेतला जातो. पण मित्रांनो, बाकीचा एखादा भाग बिघडला, तर तो एकटा बिघडतो. स्वस्त एसएमपीएस जळताना कार्ड आणि बोर्डही सोबत नेऊ शकतो. आपल्याकडे लाइट जाते-येते, आणि परत येताना दाब वरखाली होतो. तेव्हा इथे काटकसर नको.

हिशेब सोपा आहे. प्रोसेसर साधारण ७५ वॅट, कार्ड ११५, बाकी सगळं मिळून ६०. झाले २५०. पण औताला जेमतेम ताकदीचा बैल जुंपत नाहीत. या कार्डासाठी कंपनी स्वतः ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. तो नावाजलेल्या कंपनीचा आणि '८० प्लस' खूण असलेला घ्या. सोबत १,००० व्हीएचा यूपीएस असला, की लाइट गेल्यावर गेम सेव्ह करून शांतपणे बंद करता येतं. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा असेल, तर तो 'साइन वेव्ह' प्रकारचा आहे ना, हे विचारा.

आई-बाबांसाठी एक काम: वायरमनकडून घरचं अर्थिंग तपासून घ्या. काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि जमिनीतल्या अर्थिंगची पकड सुटते. खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं. हे काम मुलांनी मात्र करायचं नाही. तसंच एसएमपीएस कधीही उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्याच्या पोटात वीज साठलेली असते.

खरेदीला जाताना

परभणीत विचारा, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरला विचारा, मुंबईला कुणी जाणार असेल, तर लॅमिंग्टन रोडवरचे भाव मागवा. भाव सारखे हलतात. २०२५ च्या शेवटी एआयच्या कामासाठी मागणी वाढल्यानं रॅमचे भाव झपाट्यानं चढले होते. म्हणून जुन्या भावावर हिशेब करू नका. पक्कं बिल घ्या, वॉरंटी त्याच्यावरच मिळते.

जुनं कार्ड घ्यायचं असेल, तर समोर अर्धा तास गेम चालवून दाखवायला सांगा. सप्टेंबर २०२२ पर्यंत 'इथेरियम' हे आभासी चलन मिळवण्यासाठी लोक कार्डं रात्रंदिवस चालवत. ती पद्धत बंद झाल्यावर अशी पुष्कळ कार्डं जुन्या बाजारात आली. त्यांतलं एखादं तुमच्या वाट्याला येऊ शकतं.

पैसे वाटताना क्रम असा धरा: गेम आणि पडदा ठरवा. त्यानुसार कार्ड, कार्डाला साजेसा प्रोसेसर, दोघांना जुळणारा बोर्ड आणि रॅम. आणि एसएमपीएस, हवा आणि अर्थिंग यांचे पैसे मात्र सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवा. उरले तर दिव्यांचे बघू!

करून पाहा

एक कागद घ्या. डावीकडे भागाचं नाव, मध्ये वॅट, उजवीकडे तीन दुकानांचे भाव. खाली बेरीज करा. मग विजेचा हिशेब: २५० वॅट, रोज २ तास. म्हणजे रोज अर्धं युनिट, महिन्याला १५ युनिट. घरच्या बिलातला युनिटचा दर बघून गुणाकार करा. हा कागद बाबांपुढे ठेवा. "गेमिंग कॉम्प्युटर घ्या" एवढं नुसतं म्हणण्यापेक्षा हा कागद जास्त बोलतो. आणि आज पैसे नसले, तरी कागद जपून ठेवा. ज्याला भाग जुळवायचं गणित कळलं, त्याचा कॉम्प्युटर अर्धा तयार झालाच म्हणून समजा!