प्रोफेसर केळफा आणि कच्चं मडकं

पुण्याहून परत आलेलं एक तरी पोरगं हिंगोली जिल्ह्यातल्या प्रत्येक भावकीत सापडतंच. सात-आठ वर्षं स्पर्धा परीक्षेपायी अभ्यासिकेच्या खुर्चीत गेलेली, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत मजल मारलेली, आणि आता वयाची अट आडवी आलेली. लग्नाच्या मांडवात पंगतीला बसलं की शेजारचा हमखास विचारतो, "काय करायलास रे सध्या?" पोरगं वरणात बोट फिरवत राहतं. मग कुणी च्-च् करतं, कुणी उपदेश करतं. मी या आठवड्यात एक सिनेमा सुचवतो.

परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' 2009 साली भारताकडून ऑस्करला गेला. 'श्वास'नंतर तो मान मिळालेला हा दुसराच मराठी चित्रपट. भारतातला पहिला सिनेमा कसा झाला याची गोष्ट म्हणून आपण तो पाहिला, टाळ्या वाजवल्या आणि विसरलो. मला तो आधी धंदा बुडालेल्या एका माणसाची गोष्ट वाटतो. दादासाहेब फाळके तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते. त्याआधी गोध्र्यात फोटोग्राफीचं दुकान काढलं होतं, पण प्लेगात बायको-मूल गेलं आणि दुकानही उठलं. पुढे छपाईत नाव कमावलं, भागीदाराशी बिनसलं, आणि पठ्ठ्या चालत्या छापखान्यातून उठून बाहेर पडला. पुन्हा छपाईचं तोंड पाहणार नाही म्हणाला. पोटापाण्याला काय, तर जादूचे प्रयोग! नाव 'प्रोफेसर केळफा'. फाळके उलटं वाचा.

हा मजकूर आपल्या नेहमीच्या दिग्दर्शकाच्या हाती लागता तर पावसात भिजणारा बाप आणि मागे व्हायोलिन ठरलेलं होतं. मोकाशी तसं करत नाहीत. नंदू माधवांचे फाळके मूकपटातल्यासारखे लगबगीने चालतात, आनंद मोडकांचं संगीत त्यांच्या मागे धावतं, आणि घरातलं सामान एकेक करून विकायला निघतं तेव्हा आपल्याला चक्क हसू येतं. 1911 साली फाळके मुंबईत तंबूत शिरून ख्रिस्ताचा चित्रपट पाहतात आणि घरी येतात ते डोक्यात किडा घेऊनच. मग रात्र रात्र जागरणं, डोळ्यांवर ताण, काही काळ दृष्टीही गेली. विमा पॉलिसी गहाण ठेवून 1912 मध्ये लंडन, तिथून कॅमेरा. खुद्द मोकाशींनीही निर्माता मिळेना म्हणून राहतं घर गहाण टाकलं होतं, तेव्हा हा हलकेपणा बिनखर्चाचा नव्हे.

हसता येतं याचं एक कारण घरात आहे. विभावरी देशपांडेंच्या सरस्वतीबाई, म्हणजे फाळक्यांच्या दुसऱ्या पत्नी, कपाळाला हात लावून बसत नाहीत, त्या अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोकं पाडायला शिकतात. खऱ्या सरस्वतीबाईंनी दागिने तर दिलेच, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही रेटला. नव्याने सुरुवात केलेल्या पुरुषांच्या गौरवकथांत हा खर्च कुणाच्या खात्यावर पडला ते फारसं कुणी मांडत नाही. हा सिनेमा मांडतो, निदान अर्धा तरी.

आणि फाळके शून्यातून काही करत नाहीत, हे नीट बघण्यासारखं आहे. चित्रकला, फोटोची रसायनं, ब्लॉक करणं, जादूतली हातचलाखी, सगळं जुनं सामान त्यांनी नव्या दुकानात लावलं. माझ्या ओळखीतला एक जण असाच पुण्याहून आला. आता तो वसमतला एका शेतकरी उत्पादक कंपनीत बसतो. शेतकरी कांडी वेगळी, गट्टू वेगळा करून हळदीची पोती आणतात, हा नोंदी ठेवतो. पण त्याचा खरा भाव दुसऱ्याच कामाला आहे. सरकारी योजनेचा बारा पानी जीआर आला की हा दहा मिनिटांत सांगतो, कोणत्या कलमात आपण बसतो आणि कोणत्या कागदावरून फाईल परत येईल. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर असले कागद वाढलेच. आठ वर्षांचं पाठांतर असं वसूल होतंय. घरच्यांच्या लेखी मात्र तो अजून 'राहून गेलेला'च आहे.

खरं तर नापास ठरून पुन्हा सुरुवात करण्याचं आपल्याला नवल वाटायला नको. नरसीचे नामदेव थेट विठ्ठलाशी बोलणारे, कीर्तनात नावाजलेले. आणि मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाका सगळ्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारत येतात आणि निकाल देतात की हे मडकं कच्चं! नामदेव रुसले. मग गुरू करायला विसोबा खेचरांना शोधत निघाले, तर हे गुरुमहाराज पिंडीवर पाय टाकून झोपलेले. आपल्याकडे ही कथा औंढ्याची मानतात. पाय उचलून ठेवावा तिथे पिंडी, असा तो सगळा प्रवेश. इतका विनोद आपल्या संतकथेत आहे, आणि नोकरी गेलेल्या माणसापुढे आपण सुतकी चेहऱ्याने बसतो. नामदेव पुढे पंजाबात गेले, गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत.

सिनेमावर माझी एक तक्रार आहे. तो सोयीच्या ठिकाणी थांबतो. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला कोरोनेशन थिएटरमध्ये लागला, चालला, पाठोपाठ यशही आलं. पण 1919 मध्ये फाळके स्वतःच उभ्या केलेल्या कंपनीतून उठून काशीला गेले आणि तिथे नाटक लिहीत बसले. परत आले, तोवर धंद्याची चाल बदलली होती, पाठोपाठ बोलपट आला. 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट 1937 चा, तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. त्यानंतर सिनेमा नाही. 1944 मध्ये नाशिकला वारले. पहिली सुरुवात चाळिशीत जमली, ही शेवटची जमली नाही. मोकाशींनी त्या काशीच्या वर्षांवर दुसरा भाग करावा, नंदू माधवांनाच घेऊन. त्यात हसवणं फार कठीण जाईल, आणि म्हणूनच मी पहिल्या खेळाचं तिकीट काढेन.