रस्ता सार्वजनिक, मग वाहतूक कुठे वळवायची हे कंपनी का ठरवणार?

मोबाईलमधला नकाशा सांगतो, डावीकडे वळा, सहा मिनिटे वाचतील. गाडी वळते. पण ही सहा मिनिटे येतात कुठून? ज्या गल्लीतून गाडी जाते, तिथल्या माणसांच्या वाट्यातून ती काढून घेतलेली असतात. दारात खेळणारी पोरं घरात कोंडली जातात, म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडता येत नाही, रात्री हॉर्नने झोप उडते. अ‍ॅपच्या हिशोबात हा खर्च धरलेलाच नाही. फोनवरून मिळणाऱ्या गाड्यांच्या वेगावरून ते कोंडी ओळखते आणि कमी वेळाचा मार्ग काढते. वस्तीची शांतता त्याला फक्त 'मोकळा रस्ता' म्हणून दिसते.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातले लिओनिया हे छोटे गाव या प्रश्नावरून गाजले. न्यूयॉर्कला जोडणारा जॉर्ज वॉशिंग्टन पूल तिथून जवळ आहे. पुलाकडच्या महामार्गावर कोंडी झाली की वेझसारखी अ‍ॅप्स गाड्या लिओनियाच्या गल्ल्यांत वळवू लागली. वेझ ही कंपनी गूगलने २०१३ मध्ये विकत घेतली. जानेवारी २०१८ मध्ये गावाने सुमारे ६० रस्ते गर्दीच्या वेळी बाहेरच्यांना बंद केले. रहिवाशांच्या गाड्यांना पिवळे टॅग दिले, बाहेरच्यांसाठी २०० डॉलरपर्यंत दंड ठेवला. त्याच वर्षी न्यायालयाने हे नियम रद्द केले, कारण राज्याच्या परिवहन खात्याची मंजुरी घेतलेली नव्हती.

आपल्यातलेही काही म्हणतील, असेच करू, वस्तीच्या तोंडाशी गेट लावू. माझा याला स्पष्ट विरोध आहे.

'बाहेरच्यांना बंदी' ही पाटी आपल्याला नवी नाही. १९२४ मध्ये केरळात वायकोमचा सत्याग्रह झाला तो देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्याच्या हक्कासाठी. १९२७ मध्ये बाबासाहेब महाडच्या तळ्यावर गेले तेही सार्वजनिक ते सर्वांचे, हे सिद्ध करायला. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर रस्त्यांचाही उल्लेख आहे. जो हक्क लढून मिळवला, तो गैरसोय होते म्हणून आपणच दुसऱ्याला नाकारायचा का?

दुसरे असे की गेट कोण लावू शकतो? ज्याच्याकडे पैसा, वॉचमन आणि नगरसेवकाचा फोन नंबर आहे तो. श्रीमंत कॉलनीने वाट अडवली की गाड्या नाहीशा होत नाहीत. जिथे गेट नाही तिथे त्या येतात. म्हणजे पुन्हा आपल्याच वस्तीत.

यात जुनी गोष्ट नव्या रूपात दिसते. अमेरिकेत सेंट पॉल शहरात रोंडो ही कृष्णवर्णीयांची वस्ती होती. १९५० आणि ६० च्या दशकांत तिच्या मधोमध महामार्ग नेला आणि शेकडो घरे पाडली. ती रेघ नकाशावर माणसांनी ओढली होती. त्यामागे फाईल होती, सही होती, जाब विचारायला खाते होते. आज अ‍ॅप रोज नवी रेघ ओढते आणि सहीसुद्धा नाही. मोर्चा न्यायचा कुणाच्या दारात?

महापालिकेच्या दारात. रस्ता तिचा आहे, कंपनीचा नाही. मागणी नेमकी हवी. कोणते रस्ते निवासी, कुठे शाळा, कुठे अंगणवाडी, याची यादी पालिकेने जाहीर करावी आणि आडमार्ग सुचवताना ती पाळणे कंपन्यांना बंधनकारक करण्यासाठी सरकारकडे आग्रह धरावा. वस्तीत फूटपाथ, गतिरोधक आणि वेगमर्यादा हवी. ती सर्वांना सारखीच लागू असेल, रहिवाशालाही. रस्ता खुला राहील, पण तिथे चालणाऱ्याचा मान पहिला राहील.

आणि एक लक्षात ठेवा. गल्लीतून सुसाट जाणारा डिलिव्हरीवाला बहुतेक वेळा आपल्याच घरातला असतो. त्याच्या मिनिटांवरही अ‍ॅपचाच पहारा आहे. त्याच्याशी भांडून काही साधणार नाही.

वस्तीतल्या पोरांनी आठवडाभर नाक्यावर बसून, वेळ लिहून गाड्या मोजाव्यात. तो कागद निवेदनाला जोडून वॉर्ड ऑफिसात द्यावा, पोच घ्यावी, महिन्याने माहिती अधिकारात काय केले ते विचारावे. कंपनीकडे आकडे आहेत म्हणून तिचे चालते. आपले आकडे आपणच गोळा करायचे आहेत.