पावसाळ्यात पूर, एप्रिलात टँकर : पाण्याच्या मोठ्या आराखड्यात आपल्या वाड्या कुठे?

महाड / पोलादपूर : चवदार तळ्याला २० मार्चला दरवर्षी हजारो लोक येतात. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच दिवशी इथं ओंजळभर पाणी घेतलं. खरं तर तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव महाड नगरपालिकेनं त्याआधीच, १९२४ ला केला होता. कागदावर पाणी मोकळं, तळ्यावर मात्र बंदी. पुढं कोर्टकचेरी झाली आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. कागद आणि घागर यांच्यात किती अंतर असतं हे या तालुक्याला नव्यानं सांगायला नको.

आजचा कागद वेगळा आहे. देशाचं २०१२ चं राष्ट्रीय जलनीती धोरण सांगतं की पाण्याचं नियोजन नदीचं खोरं धरून, एकात्मिक करायचं. म्हणजे पूर, पिण्याचं पाणी, शेती, कारखाने, सगळं एकाच वहीत मांडायचं. महाराष्ट्रानं तर २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातच एकात्मिक राज्य जल आराखडा लिहून ठेवलाय. २०१९ ला दिल्लीत जलसंपदा आणि पेयजल ही दोन खाती एकत्र करून जलशक्ती मंत्रालय झालं.

दिल्लीत खाती एक झाली, तालुक्यात काय? नळपाणी योजना जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडं. धरण मोठं असेल तर जलसंपदा, लहान असेल तर मृद व जलसंधारण, त्याहून लहान असेल तर पुन्हा जिल्हा परिषद. झऱ्याच्या वरचा डोंगर बहुतेक वेळा वन खात्याचा. कारखान्यांचं पाणी एमआयडीसी बघते. टँकर तहसीलदारांकडून. एका वाडीचा एकच झरा, पण अर्ज पाच टेबलांवर.

सावित्रीचंच घ्या. उगम महाबळेश्वरला, पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. महाडजवळ काळ आणि गांधारी तिला येऊन मिळतात. वर घाटात पाऊस कोसळला आणि त्याच वेळी खाडीत भरती असली की पाणी पुढं सरकत नाही, बाजारपेठेत शिरतं. जुलै २०२१ ला तेच झालं. त्याच दिवसांत तळियेवर दरड कोसळली, पोलादपुरातही दरडींनी माणसं नेली. त्यानंतर नदीतला गाळ काढण्याचं काम झालं, ते गरजेचंच होतं. पण गाळ येतो वरच्या डोंगरातून. पुराचा विचार शहरापुरता, दरडीचा गावापुरता आणि टंचाईचा टँकरपुरता, अशी तीन ठिकाणी वाटणी झाली तर त्याला एकात्मिक म्हणायचं कसं?

वरच्या आराखड्याला कोकण वेगळंच दिसतं. राज्याच्या क्षेत्रफळाच्या साधारण दहा टक्के जमीन, पण नद्यांच्या पाण्यापैकी चाळीस टक्क्यांहून जास्त पाणी इथलं. म्हणून बोलणं सुरू होतं ते 'समुद्रात वाया जाणाऱ्या' पाण्यापासून. ते गोदावरी खोऱ्यात वळवायचं, कोयनेचं अवजल मुंबईकडं न्यायचं. मराठवाड्याची तहान खोटी नाही, तिथल्या माणसालाही पाणी मिळालं पाहिजे. पण शिल्लक पाणी मोजताना पोलादपूरच्या डोंगरावरच्या कोंडातली बाई मार्चनंतर झऱ्यात वाटीनं हंडा भरते, हे त्या हिशेबात कुठल्या रकान्यात येतं?

हिशेब करून बघा. जलजीवन मिशनचं माप माणशी दिवसाला ५५ लिटर. दोनशे माणसांच्या वाडीला टंचाईच्या शंभर दिवसांत ११ लाख लिटर पाणी लागतं. इथला पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. म्हणजे दहा गुंठ्यांवर पडणारा पाऊसच सुमारे ३० लाख लिटर होतो. पाऊस कमी नाहीच. काळा कातळ पाणी पोटात फारसं धरत नाही, उतार तीव्र, डोंगर उघडे, त्यामुळं पाणी वहाळातून तासाभरात खाली.

आणि इथंच नळाची गाठ पडते. पाइप आला, टाकी उभी राहिली, पण ज्या विहिरीवर योजना आहे तीच एप्रिलात तळ दाखवते. मग नळ असून टँकर. उद्भव टिकवणं हा जलजीवनचाच भाग आहे, पण डोंगरात चर खणताना फोटो काढायला कोण येतो! सिक्कीमनं २००८ पासून उलट्या बाजूनं सुरुवात केली. झऱ्याला पाणी कुठल्या उतारावरून मुरतं ते शोधलं, तिथं चर आणि खड्डे काढले, त्यातून झरे परत वाहते केले. सह्याद्रीचा खडक वेगळा आहे, त्यामुळं तीच पद्धत जशीच्या तशी चालेल असं नाही. पण आधी झरा आणि मग पाइप, हा क्रम इथंही लागू पडतो.

गावाच्या हातात काहीच नाही असंही नाही. गावची पाणी व स्वच्छता समिती असते, तिच्यात निम्म्या महिला हव्यात. किती गावांत ती खरोखर बसते, हे ज्याचं त्यानं बघावं. ग्रामपंचायत विकास आराखड्यासाठी ग्रामसभा ऑक्टोबरपासून सुरू होतात. त्या सभेत कुठला झरा कुठल्या महिन्यात आटतो, विहिरीला मार्चमध्ये किती हात पाणी असतं, झऱ्याच्या वरची जागा कुणाची आहे, एवढं ठरावात आलं तर पुढं वन खात्याकडं आणि जलसंधारणाकडं मागायला कागद हातात राहतो. हे मोजायला इंजिनिअर लागत नाही. दोर, दगड आणि वही पुरते, आणि रोज पाणी भरणारी बाई आकडा तोंडपाठ सांगते.

चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला २०२७ च्या २० मार्चला शंभर वर्षं होतात. त्या दिवशी मंत्री येतील, भाषणं होतील. त्या वेळी महाड आणि पोलादपूरच्या किती वाड्यांचे टँकर मागणीचे अर्ज तहसील कार्यालयात पडलेले असतील, तो आकडा त्याच दिवशी मागता येईल.