बाळाची थरथर ओळखायची, तर आधी आईला न घाबरवता विचारा

वडोदरा : पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत वडोदऱ्यातल्या अनेक मराठी घरांत आजही आहे. सात महिने अलकापुरीतल्या दवाखान्यात तपासण्या, मग गाडी नंदुरबार, धुळे नाहीतर जळगावकडे. सोनोग्राफीचे कागद सोबत जातात. कंबरदुखीवर चालू असलेली ट्रामाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा लपवलेलं व्यसन मात्र बऱ्याचदा कागदावर येतच नाही.

ही सगळी अफूच्या गुणधर्माची द्रव्यं. ती वारेतून बाळापर्यंत पोचतात. बराच काळ घेतली असतील, तर नाळ कापल्यावर बाळाचा पुरवठा एकदम तुटतो. मग बाळ थरथरतं, कर्कश रडतं, नीट पीत नाही. शिंका, जांभया, जुलाब, क्वचित झटकेही येतात. हेरॉईनच्या बाबतीत हे बहुधा पहिल्या एक ते तीन दिवसांत दिसतं, तर मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनच्या बाबतीत कधीकधी आठवडाभरानं. तोवर सुट्टी झालेली असते. घरी कुणी म्हणतं पोटात गॅस, कुणी म्हणतं दृष्ट लागली.

चाचणी करून मोकळं व्हावं, तर तेही सोपं नाही. लघवीत शेवटच्या काही दिवसांतलंच कळतं. बाळाच्या पहिल्या काळ्या शीतून गर्भारपणाच्या उत्तरार्धातलं कळतं, पण अहवालाला वेळ लागतो. प्रसूतीवेळी दवाखान्यानंच दिलेलं वेदनाशामकही त्यात दिसू शकतं. शिवाय रक्तातली साखर घटली किंवा जंतुसंसर्ग झाला तरी बाळ असंच थरथरतं. ते आधी तपासावं लागतं.

म्हणून पहिली तपासणी म्हणजे प्रश्न. प्रत्येक गर्भवतीला, प्रत्येक भेटीत विचारा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2014 मध्येच सांगितलंय. पण पोलिसांची भीती असेल तर खरं कोण सांगणार? 2018 पासून ट्रामाडॉलही अमली पदार्थ कायद्याखाली आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती घेणं गुन्हा नाही. आणि व्यसनी व्यक्ती स्वतःहून उपचाराला आली, तर सेवनाच्या खटल्यातून संरक्षण देणारं कलम 64अ याच कायद्यात आहे. हे किती बायकांना माहीत आहे?

खरं कळलं तर फायदा बाळाचाच. 2023 मध्ये अमेरिकेतल्या 26 रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळ पितंय का, झोपतंय का, जवळ घेतल्यावर शांत होतंय का, एवढ्यावर भर दिला. बाळं घरी जाण्याजोगी व्हायला सरासरी 14.9 ऐवजी 8.2 दिवस लागले.

आपल्याकडे नवजात बाळाला बघायला आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी येतात. नेमके हेच दिवस महत्त्वाचे. खासगी दवाखान्यातून घरी गेलेल्या बाळाकडे मात्र अनेकदा कुणीच फिरकत नाही. निदान त्या आठवड्यात एक फोन तरी व्हावा. आणि माहेरी निघताना औषधांची पूर्ण यादी फाईलमध्ये हवी. गोळी मनानं एकदम बंद करू नका, त्यानं अकाली प्रसूतीचा धोका असतो, डॉक्टरांना सांगा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन 14446 दोन्ही राज्यांत चालते. राज्याची हद्द ओलांडताना आईसोबत तिची माहितीही पोचली, तर पलीकडचा डॉक्टर बाळाची थरथर वेळेत ओळखेल.