आपोआप सांधणारे यंत्र आणि आपला कारागीर

चिरलेले यंत्र स्वतःच सांधू लागले, तर अकोला-अमरावतीतील घड्याळ-मोबाईल दुरुस्त करणाऱ्या आपल्या बंधूंनी काय करावे? २०२१ मध्ये कोलकात्याच्या आयसर व खरगपूर आयआयटीने असे स्फटिक दाखवले. तुटलेल्या कडांवरचा विजेचा भारच त्यांना क्षणार्धात जोडतो. मनगटावर वाकणाऱ्या मेमरीसाठी रबरासारख्या पदार्थांवर जगभर असेच प्रयोग चालू आहेत. मेमरिस्टर या नव्या मेमरी-घटकावर तर आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही संशोधन झाले आहे.

घाबरू नये. चीर बुजेल, फुगलेली बॅटरी, गंजलेला जोड कसा बुजणार? खरे दुखणे वेगळेच आहे. सुटे भाग आणि सर्किटचा नकाशा गल्लीतल्या दुकानापर्यंत पोचत नाही. केंद्राने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल काढले. त्यातून स्वतंत्र कारागिरालाही माल मिळावा, ही मागणी दुकानदारांनी एकत्र येऊन आताच केली पाहिजे.